ग्रहाचें बिंब किती मोठें करावें?

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे दुर्बिणीचा प्रवेश होऊं लागला आहे, ही आम्हांस मोठ्या संतोषाची गोष्ट वाटते. पूर्वीं ज्या घरांत पंचांग उघडून गुरु कोणत्या राशीस आला एवढेंच पाहिलें जाई, त्याच घराच्या गच्चीवर आज नातवंडें त्या गुरूचे चार चंद्र आजोबांना दाखवितात. परंतु डोळ्यांनीं पाहून झालें कीं दुसरी इच्छा उत्पन्न होते. ती ही कीं, जें पाहिलें त्याचें छायाचित्र घ्यावें व परगांवच्या आप्तांस पाठवावें. खऱ्या अडचणीस येथूनच प्रारंभ होतो. दुर्बिणीस लहानसा कॅमेरा जोडून पहिलें चित्र घेतलें, तर गुरूच्या ठिकाणीं एक पांढुरका ठिपका उमटतो आणि त्यावर पट्टे असल्याचा केवळ भास होतो. मग घरांतील तरुण मंडळी म्हणतात, 'बिंब मोठें केलें पाहिजे;' आणि सर्वांत अधिक पटींचें भिंग कोणतें, याची चौकशी सुरू होते. बिंब मोठें करणें अवश्य आहे हें खरें. परंतु तें किती मोठें करावें व कोठें थांबावें, याचा विचार फार थोडे लोक करितात. तोच आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. दुर्बिणीचा आरसा किंवा तिचें मुख्य भिंग दूरवरून येणारे किरण ज्या अंतरावर एकत्र आणून प्रतिमा उमटवितें, त्या अंतरास नाभीय अंतर म्हणतात. आकाशांतील बिंबाची प्रतिमा केवढी पडेल, हें सर्वस्वीं या अंतरावर अवलंबून असतें. अंतर दुप्पट झालें, कीं प्रतिमेचा व्यासही दुप्पट होतो. गुरु पृथ्वीच्या जवळ असतो, तेव्हां त्याच्या बिंबाचा व्यास सुमारें ४५ विकला भरतो. म्हणजे पूर्ण चंद्राच्या जवळजवळ चाळिसावा भाग. हौशी लोकांत पुष्कळ प्रचारांत असलेली, २०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेतली, तर तिच्यांत पडणारी गुरूची प्रतिमा पाव मिलिमीटराहून किंचित् मोठी असते. वाचकांस स्वतः हिशेब करावयाचा असेल, तर नाभीय अंतरास विकलांच्या संख्येनें गुणावें व २,०६,२६५ नें भागावें. एवढा अवाढव्य ग्रह, पण त्याची प्रतिमा बारीक रव्याच्या कणाएवढी!

आतां ही कणाएवढी प्रतिमा ज्यावर पडते, त्या कॅमेऱ्याच्या संवेदकाकडे वळूं. संवेदक म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या असंख्य सूक्ष्म चौकटींची एक पट्टी. या चौकटींस पिक्सेल म्हणतात. ग्रहांच्या छायाचित्रणासाठीं आज वापरांत असलेल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत एकेका पिक्सेलची बाजू २.९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या तिप्पटीहून थोडी कमी असते. या हिशेबानें वरील दुर्बिणींत गुरूचा व्यास अवघ्या ९० चौकटींत मावतो. ज्या भगिनी जाळीच्या कापडावर टांके घालून मोर काढतात, त्यांस याचा अर्थ समजावून सांगावयास नको. नव्वद घरांच्या रुंदींत मोर निघेल, पण त्याच्या पिसाऱ्यांतील प्रत्येक डोळा निघणार नाहीं. आरशानें आणून दिलेला बारकावा टिपण्यास घरेंच अपुरीं पडतात. म्हणून प्रतिमा मोठी करून ती अधिक घरांवर पसरणें, एवढ्यासाठीं नाभीय अंतर वाढवावयाचें असतें.

वाढविण्याची युक्ति मात्र नवी नाहीं. इंग्लंडांत वुलिच येथील लष्करी विद्यालयांत पीटर बार्लो नांवाचे एक गणिताचे अध्यापक होते. त्यांनीं १८१४ सालीं प्रसिद्ध केलेलीं गणिती कोष्टकें पुढें शतकाहून अधिक काळ गणित करणाऱ्यांच्या हाताशीं होतीं. दुर्बिणींत एकत्र येऊं लागलेले किरण नाभीपर्यंत पोंचण्यापूर्वींच त्यांच्या वाटेंत एक अंतर्वक्र भिंग ठेवावें, म्हणजे ते किरण अधिक सावकाश, अधिक निमुळत्या शंकूनें एकत्र येतात आणि मूळची नळी आंखूड असूनही परिणाम लांब नाभीय अंतराचा मिळतो, ही कल्पना त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. सुप्रसिद्ध डॉलंड घराण्यांतील जॉर्ज डॉलंड यांनीं असें रंगदोषरहित भिंग घडवून त्याचें वर्णन १८३४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविलें. आजही दुकानांत तें 'बार्लो' या नांवानेंच मागतात. शिवाय ज्यांच्या घरीं कॅसिग्रेन पद्धतीची दुर्बीण आहे, त्यांच्या दुर्बिणींत हीच युक्ति जन्मतःच बसविलेली असते. तिचा मागचा मोठा आरसा आंखूड नाभीचा असतो, व पुढचा लहान बहिर्वक्र आरसा त्याचें नाभीय अंतर कित्येक पटींनीं वाढवितो.

बार्लो भिंगाचा एक गुण फारसा कोणी सांगत नाहीं, म्हणून येथें नमूद करितों. त्याजवर कोरलेली पट ही कांहीं कायमची नसते. भिंगापासून संवेदक किती अंतरावर आहे, यावर ती ठरते. भिंगाचें नाभीय अंतर १०० मिलिमीटर असून संवेदक त्याच्या मागें १०० मिलिमीटरांवर असेल, तर प्रतिमा दुप्पट होते. मध्यें एक साधी नळी घालून तेंच अंतर १५० केलें, तर तीच अडीचपट होते. म्हणजे एकच चांगलें भिंग व दोनतीन नळ्या एवढ्यावर पुष्कळ प्रयोग साधतात. प्रत्येक पटीस निराळें भिंग विकत घेण्याचें कारण नाहीं. ज्यांतून किरण जवळजवळ समांतर बाहेर पडतात, अशीं टेलिसेंट्रिक प्रकारचीं भिंगें मात्र यास अपवाद आहेत. त्यांत नळी वाढवून पट फारशी बदलत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'मग पांचपट, दहापट कां करूं नये?' आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत हाच प्रश्न स्वयंपाकघरांत निघाला होता. पुतण्या म्हणाला, "काकू, दोनपटींच्या जागीं पांचपटींचें भिंग लावलें, तरी गुरु आणखीच पुसट झाला." काकू पोळ्या लाटीत होत्या. त्यांनीं मान वर न करतांच सांगितलें, "अरे, गोळा तोच ठेवून पोळी परातीएवढी लाटलीस, तर ती पातळच होणार. कणीक का वाढणार आहे?" प्रकाशशास्त्राचा एक सबंध सिद्धांत या दोन वाक्यांत आला, असें आम्हांस वाटतें. दुर्बिणीच्या मुखांत येणारा प्रकाश म्हणजे तो कणकेचा गोळा. त्याचें माप आरशाच्या व्यासावर ठरतें. मागें कोणतेंही भिंग लावलें, तरी तें तिळभरही वाढत नाहीं. व्यास पांचपट लाटला, कीं तोच प्रकाश पंचवीसपट जागेवर पसरतो व प्रत्येक पिक्सेलच्या वांट्यास पंचविसावा हिस्सा येतो.

आणि जी गोष्ट प्रकाशाची, तीच बारकाव्याची. प्रकाश हा लहरींचा असल्यामुळें कोणत्याही दुर्बिणींत ताऱ्याची प्रतिमा बिंदुमात्र न पडतां एक सूक्ष्म चकती पडते. ही चकती किती बारीक असेल, हें आरशाच्या व्यासावर अवलंबून असतें. डॉस या इंग्रज निरीक्षकांनीं जोडताऱ्यांच्या अनुभवावरून बसविलेला नियम असा कीं, ११६ ला आरशाच्या मिलिमीटरांतील व्यासानें भागावें. जो आंकडा येईल, तितक्या विकलांहून जवळ असलेले दोन तारे त्या दुर्बिणींत वेगळे दिसणार नाहींत. आपल्या २०० मिलिमीटरांच्या आरशास ही मर्यादा ०.५८ विकलेची पडते. मूळच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतरावर एक पिक्सेल अर्धी विकला व्यापतो. म्हणजे असे दोन तारे शेजारशेजारच्या चौकटींत पडून एकमेकांत मिसळतात. अडीचपट करून नाभीय अंतर ३००० मिलिमीटर केलें, तर पिक्सेल एक पंचमांश विकलेचा होतो व त्या दोन ताऱ्यांमध्यें जवळजवळ तीन चौकटींचें अंतर राहतें. आरशानें जें दिलें, तें येथें पुरतेपणीं टिपलें गेलें. आतां पांचपट करून ६००० मिलिमीटर केलें, तर तीनाच्या जागीं सहा चौकटी येतील. पण त्या अधिक चौकटींत भरण्यास आरशाजवळ नवीन कांहींच शिल्लक नसतें.

यावरून एक सोपें सूत्र निघतें. नाभीय अंतरास आरशाच्या व्यासानें भागून जी संख्या येते, तिला दुर्बिणीचा 'एफ' आंकडा म्हणतात. आपल्या उदाहरणांत तो ६ आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्यें घ्यावा व त्याची पांचपट करावी. दुर्बिणीचा एफ आंकडा त्याच्या आसपास आणून ठेवावा. २.९ ची पांचपट १४.५, म्हणून एफ ६ च्या दुर्बिणीस अडीचपटींचें भिंग योग्य होय. हवा सामान्य असेल, तर चौपटीवर थांबावें, म्हणजे साधें दुप्पट भिंग पुरतें. हवा अपूर्व स्वच्छ व स्थिर असेल, त्या रात्रीं थोडें पुढें जावें. पिक्सेल मोठे असतील, तर नाभीय अंतरही त्या मानानें अधिक लागेल. थोडक्यांत, भिंगाची पट ही दुकानदारानें ठरवावयाची वस्तु नसून, ती घरांतील दुर्बीण आणि कॅमेरा या दोघांच्या पत्रिका जुळवून ठरवावयाची असते!

परंतु या दोघांपेक्षांही प्रबळ असा एक तिसरा घटक आहे. तो म्हणजे आपल्या डोक्यावरील हवा. उन्हांत तापलेल्या रस्त्यावर पलीकडचीं झाडें कशीं लवलवतांना दिसतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. तीच क्रिया रात्रीं ग्रहाच्या किरणांवर अखंड चालते. गरम व थंड हवेच्या थरांतून येतांना प्रतिमा थरथरते, ताणली जाते, पुसट होते. यावर हौशी मंडळींनीं जो उपाय योजिला आहे, तो मोठा चतुर आहे. एकच लांब छायाचित्र न घेतां सेकंदाच्या शंभराव्या भागाचीं हजारों चित्रें घ्यावयाचीं. १९७८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनीं गणितानें दाखवून दिलें कीं, अशा क्षणिक चित्रांपैकीं कांहीं चित्रें हवेच्या निश्चल क्षणीं सांपडून अगदीं रेखीव येतात; दुर्बीण जितकी मोठी, तितका असा क्षण दुर्मिळ. संगणक त्या हजारोंतून उत्तम तेवढीं निवडतो व एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढतो. धान्य पाखडावें, तसेंच हें काम! दोन मिनिटांत १२,००० चित्रें घेऊन दशांश ठेविलीं, तरी १,२०० उरतात आणि त्यांच्या बेरजेंत प्रत्येक चित्रांतील खरखर सुमारें पस्तिसाव्या हिश्श्यावर येते.

नाभीय अंतर अतोनात वाढविणारा मनुष्य याच ठिकाणीं फसतो. अडीचपटीऐवजीं पांचपट केली, तर प्रत्येक पिक्सेलास चौथाई प्रकाश मिळतो. म्हणून प्रत्येक चित्रास चौपट वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळांत हवा हलून जाते. निवडीस चित्रेंही १२,००० च्या जागीं ३,००० च मिळतात. दोन मिनिटांऐवजीं दहा मिनिटें घ्यावीं, तर गुरु स्वस्थ बसत नाहीं. तो दहा तासांहून कमी वेळांत स्वतःभोंवतीं फिरतो, आणि बिंबाच्या मध्यावरील एखादा डाग अडीच मिनिटांत सुमारें ०.६ विकला, म्हणजे आपल्या दुर्बिणीच्या मर्यादेइतका, सरकतो. ही फिरकी गणितानें उलगडून देणारे संगणकीय कार्यक्रम आहेत, त्यांनीं थोडी सवलत मिळते. पण मूळची तूट भरून निघत नाहीं. याशिवाय ग्रह सांपडणेंही अवघड होतें. साडेपांच मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर ३००० मिलिमीटर नाभीय अंतरांत आकाशाचा जो तुकडा दिसतो, तो चंद्रबिंबाच्या पंचमांशाएवढाच असतो. ६००० मिलिमीटरांत तो आणखी निम्मा होतो. गच्चीवर कोणी पाऊल टाकलें, तरी ग्रह चौकटीबाहेर जातो.

एवढें सर्व करून जो फाजील मोठा व पुसट गुरु हातीं येतो, त्यास रेखीव करण्यासाठीं संगणकावर धार चढविण्याचा मोह होतो, आणि खरें संकट तें हेंच. धार अधिक चढविली, कीं खरखरींतूनच रेघा, कडीं व ठिपके उत्पन्न होतात. मग ते ग्रहावर आहेत असें मानून आपण आनंदतों. ज्योतिषाच्या इतिहासांत याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १८७७ सालीं इटालियन ज्योतिषी स्कियापारेली यांस मंगळावर सरळ रेघा दिसल्या. पुढें अमेरिकेंत पर्सिव्हल लोवेल यांनीं त्या रेघांस बुद्धिमान् प्राण्यांनीं खणलेले कालवे ठरवून ग्रंथ लिहिले. १९०९ सालीं आंतोनियादी यांनीं पॅरिसजवळील म्यूदों येथील ८३ सेंटिमीटरांच्या भव्य दुर्बिणींतून, हवा अत्यंत स्थिर असतां, मंगळ पाहिला. तेव्हां त्या जागीं कालवे नव्हते, वेडेवांकडे असंख्य डाग होते. दृष्टीच्या मर्यादेपलीकडील गोष्ट मनानें भरून काढिली होती. जें मनुष्याच्या मनानें केलें, तेंच आज संगणकाची धार करूं शकते. दोघांवरही उपाय एकच आहे. आपलें साधन कोठवर पाहूं शकतें, हें आधीं जाणावें, व त्यापुढें दिसणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये.

हा इशारा केवळ चित्र सुंदर यावें म्हणून नव्हे. हौशी लोकांच्या चित्रांवर आज शास्त्र खरोखर विसंबून आहे. मोठ्या वेधशाळांस एकाच ग्रहाकडे रोज पाहण्यास सवड नसते. गच्चीवरील निरीक्षकास ती असते. फिलिपाइन्समधील ख्रिस्तोफर गो यांनीं २००६ सालीं गुरूवरील एक पांढरा अंडाकृति डाग तांबडा झाल्याचें स्वतःच्या चित्रांवरून जगाच्या नजरेस आणिलें. १९ जुलै २००९ रोजीं ऑस्ट्रेलियांतील अँथनी वेस्ली यांस गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवाच काळा डाग दिसला. तो कांहीं तरी गुरूवर आदळल्याचा व्रण होता. त्यांची दुर्बीण साडेचौदा इंचांची व घरगुती होती. थोड्याच दिवसांत हबल दुर्बीणही त्या जागीं वळविण्यांत आली. ही खबर विश्वासार्ह कां ठरली? चित्रांत जें होतें, तें ग्रहावरील होतें, धारेनें निर्माण झालेलें नव्हतें, म्हणून. तसें नसतें, तर असल्या खबरीस कोण विचारतो?

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. दुर्बीण निदान तासभर आधीं उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्रीं उष्णता सोडीत असतो, म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ बहुधा अधिक लाभते. तारे लुकलुकत असतील, त्या रात्रीं पट कमी करावी, किंवा दुर्बीण झांकून स्वस्थ झोंपावें. आरसे एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हें प्रत्येक वेळीं पाहावें. वांकड्या आरशाचा दोष भिंगानें मोठा होतो, नाहींसा होत नाहीं. ग्रह क्षितिजाजवळ असतां त्याच्या कडेस निळी व तांबडी झालर दिसते. ती घालविण्यास दोन लोलकांचें एक उपकरण मिळतें. परंतु ग्रह माथ्यावर येईपर्यंत थांबणें, हें त्याहून स्वस्त.

आणि या बाबतींत आपल्या प्रांताचें भाग्य थोर आहे. २०१९ सालीं गुरु दक्षिणेकडे झुकलेला असतां लंडनच्या निरीक्षकास तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश चढलेला दिसे. पुण्यास तोच ४९ अंशांवर येई. २०२७ च्या फेब्रुवारींत गुरु व मंगळ दोघेही सूर्यासमोर येत आहेत, आणि महाराष्ट्राच्या आकाशांत ते मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावरून जातील. मंगळाचें बिंब त्या वेळीं १४ विकलांहूनही लहान असेल. ३००० मिलिमीटर नाभीय अंतरांत तें ७० चौकटीही भरणार नाहीं, आणि पांचपटींच्या भिंगाचा मोह पुनः उत्पन्न होईल! त्या वेळीं वरील सूत्राची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.

ज्यांस नवीन साधनांवर खर्च करावयाचा आहे, त्यांनीं आधीं एखाद्या मंडळाच्या निरीक्षणास जाऊन निरनिराळीं भिंगें लावून पाहावींत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें कार्य करीत आहे. पुण्याच्या आयुका संस्थेंत हौशी मंडळींस स्वतः आरसा घासून दुर्बीण बनविण्याचे वर्गही भरविले गेले आहेत. घरांत दोन मुलें असतील, तर एकानें दुर्बीण सांभाळावी, दुसऱ्यानें वहींत वेळ, पट व हवेची स्थिति लिहावी. तीन महिन्यांच्या टिपणांवरून आपल्या गच्चीस कोणती पट मानवते, हें कोणत्याही जाहिरातीपेक्षां अधिक खात्रीनें कळेल. चित्र लहान आलें म्हणून वाईट वाटून घेऊं नये. सुपारीएवढ्या चित्रांत गुरूचा तांबडा डाग व पट्ट्यांच्या कडांवरील वळणें स्पष्ट दिसत असतील, तर तें परातीएवढ्या धुक्याहून शतपट मोलाचें आहे, आणि दहा वर्षांनीं कोणीं तें चाळलें, तरी त्या रात्रीं गुरु खरोखर तसाच होता, अशी ग्वाही तें देईल.